सूत न जुळलेली रायफल

कादवाकाठ (धागाकर्ता) · १६ जून

नमस्कार. येथील बहुतेक धागे आवडत्या वस्तूंविषयी असतात. त्यामुळे आवडता आवडता राहून गेलेल्या एका वस्तूविषयी लिहावे की नाही, याचा विचार मी बरेच दिवस करत होतो. गेल्या रविवारी पावसाळ्याआधीची तेलपाण्याची फेरी करताना तीच रायफल पुन्हा हातात आली आणि वाटले की एकदा लिहून टाकावे.

आमच्याकडे ३१५ बोअरची एक बोल्टची (म्हणजे दर बारानंतर दांडा हाताने मागेपुढे ओढून काडतूस भरायची) रायफल आहे, ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली. वडिलांनी ती १९८१ साली रीतसर परवान्यावर घेतली. २००४ साली ते गेले आणि पुढच्या वर्षी ती वारसाहक्काने माझ्या परवान्यावर चढली. म्हणजे वीस वर्षे ती कायद्याने माझी आहे; परंतु ‘माझी रायफल’ हे शब्द माझ्या तोंडून आजवर सहज निघालेले नाहीत. घरात सगळे तिला ‘बाबांची’ म्हणतात, मीसुद्धा.

तुलनेसाठी सांगतो. दिंडोरी तालुक्यातील शेतावर आजोबांपासून चालत आलेली एक दोननळी बारा बोअर आहे, जिच्या दस्त्यावरचा प्रत्येक ओरखडा मला पाठ आहे. शिवाय १९९४ साली, एन.सी.सी.मध्ये नेमबाजीचे वेड लागल्यानंतर, मी स्वतःच्या हट्टाने पॉइंट टू-टू, म्हणजे लहान बोअरची हलकी रायफल घेतली होती. तिचा चाप कोवळी भेंडी मोडावी तसा मोडायचा. दमलेलो असलो, चिडलेलो असलो, तरी तिच्यामागे पालथा पडलो की दहा मिनिटांत श्वास जागेवर येत असे.

बाबांच्या रायफलचे तसे नाही. तिचा चाप आधी थोडासा रिकामा सरकतो, मग एका जागी अडतो, आणि तिथून पुढे तो नेमका कधी सुटेल याचा अंदाज मला वीस वर्षांत आलेला नाही. खांद्याला लावली की गाल कुठे टेकवावा हे कळत नाही. बार काढला की ती अशी लाथ मारते की पुढच्या काडतुसाआधी मन दोन पावले मागे सरकलेले असते. ओळखीच्या माणसांबरोबर, परवानगी असलेल्या मैदानावर, वीस वर्षांत मी तिच्यातून ३८ काडतुसे झाडली. वहीत प्रत्येकाची नोंद आहे. समाधानाचा शेरा मात्र एकाही नोंदीपुढे नाही.

आता मूळ मुद्दा. १४ डिसेंबर २०१९ पासून शस्त्र कायद्यातील दुरुस्ती लागू झाली आणि एका व्यक्तीजवळच्या परवानाधारक शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. ज्यांच्याकडे तीन होती त्यांनी कोणतीही दोन ठेवून तिसरे वर्षभरात जमा करायचे किंवा रीतसर दुसऱ्याच्या नावावर करायचे, असे ठरले. मी पॉइंट टू-टू दिली. जिच्यावर जीव होता ती गेली आणि जिच्याशी कधी सूत जुळले नाही ती कपाटात राहिली.

असे कोणाचे झाले आहे काय? सूत जुळायला आणखी काही वर्षे लागतात की ते मुळात जुळणारच नसते?

शंकेखोर · १६ जून

लेखन आवडले, पण प्रश्न पटला नाही. रायफल हे अवजार आहे. माझ्याकडे पंचवीस वर्षांपासून एक पहार आहे; तिच्याशी माझे सूत जुळले आहे की नाही, असा विचार माझ्या मनात कधी आला नाही. ती उपयोगी पडते, म्हणून आहे. आपली रायफल उपयोगी पडते का, एवढाच प्रश्न विचारावा. आणि एक उपप्रश्न : आवडती होती तर पॉइंट टू-टू का दिली? हे आपण मोठ्या शिताफीने टाळले आहे.

कादवाकाठ (धागाकर्ता) · १७ जून

शिताफी मान्य. तिला आठवड्यात गिऱ्हाईक मिळाले, हे खरे कारण. महाविद्यालयात शिकणारा, स्पर्धांत उतरणारा एक मुलगा होता. त्याचा परवाना तयार होता आणि तो रायफल हातात घेऊन ज्या पद्धतीने उभा राहिला ते पाहून मला नाही म्हणता येईना. ३१५ला कोणी विचारलेही नाही. शिवाय तेव्हा आई होती. ती कधी काही बोलली नसती. परंतु मी कागद घेऊन निघालो तेव्हा तिने ‘कोणती?’ एवढेच विचारले, आणि ‘माझी’ असे उत्तर देता आले याचे मला हायसे वाटले होते.

पहारीचा दाखला चांगला आहे. अडचण हीच की या रायफलला कामच नाही. बाबांनी ती घेतली तेव्हा वन्यजीव संरक्षण कायद्याला, म्हणजे १९७२च्या, नऊ वर्षे झाली होती. ज्या शिकारीसाठी असली काडतुसे बनत, ती बहुतेक बंद झालेली होती. मग बाबांनी का घेतली? आमच्या गावात त्या काळी ज्याच्याकडे बंदूक तो बागायतदार आणि ज्याच्याकडे रायफल तो मोठा बागायतदार, अशी समजूत होती. याहून वेगळे कारण मला सापडलेले नाही. पहार निदान खड्डा तरी खणते. ही रायफल कपाटात आली तेव्हाच सेवानिवृत्त होती.

पिंपळस · १७ जून

मी निफाड तालुक्यातील द्राक्ष उत्पादक. आमच्याकडेही बारा बोअर आहे, रायफल मुद्दाम घेतली नाही. तिची गोळी नेम चुकला तर दोन किलोमीटरहून पुढे जाते. आमच्या शिवारात छाटणीच्या आणि थिनिंगच्या (घड विरळ करण्याच्या) दिवसांत प्रत्येक बागेत पंधरा-वीस माणसे, त्यांची मुले, झाडाला बांधलेल्या झोळ्या, पलीकडे वस्ती, त्यापलीकडे रस्ता. सपाट जमिनीवर, गोळी अडवणारा टेकाड नसताना रायफल झाडणे हा वेडेपणा आहे. बारा बोअरचे छर्रे थोड्या अंतरात दम सोडतात, म्हणून ती शेतावर चालते. तीही आम्ही हवेत बार काढण्यापलीकडे वापरत नाही. उसात बिबट्या आला तर वनखात्याला फोन करायचा, कारण त्याला हात लावायचा नाही हे पोरासोरांना ठाऊक आहे. रानडुकरांना फटाके आणि झटका कुंपण.

थोडक्यात, आपले सूत न जुळण्याचे कारण मला तर सरळ दिसते. जी वस्तू भीतीपोटी वापरायची नाही तिच्याशी ओळख होणार कशी?

निवडणुकीत जमा करायचा व्याप वेगळाच.

कादवाकाठ (धागाकर्ता) · १७ जून

व्यापाची आठवण करून दिलीत म्हणून लिहितो. छाननी समितीच्या यादीत नाव आले की जमा करणे आलेच. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही वेळा दोन्ही शस्त्रे ठाण्यात जमा केली. मे महिन्यात ठेवली, जूनमध्ये परत आणली, ऑक्टोबरमध्ये पुन्हा ठेवली. परत घेताना बारा बोअर मी तिथेच उघडून नळ्यांतून उजेडाकडे पाहिले, दस्त्यावरून हात फिरवला. रायफलचा फक्त क्रमांक पावतीशी ताडून पाहिला आणि ती पिशवीत घातली. ठाण्यातील कर्मचारी म्हणाला, ‘ही तुमचीच ना?’ त्याने सहज विचारले होते. पण गाडीत बसल्यावर तो प्रश्न बराच वेळ माझ्याजवळ बसून होता.

तोफची निवृत्त · १९ जून

धागा आज वाचला. देवळालीला स्थायिक आहे, तोफखान्यात बावीस वर्षे काढली. कादवाकाठ साहेबांच्या भावनेविषयी मला काही बोलायचे नाही; रायफलविषयी मात्र बोलायचे आहे, कारण तिच्यावर अन्याय होत आहे.

ही रायफल मुळात ली-एन्फिल्डच्या, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या जुन्या रायफलीच्या, घडणीची आहे. इंग्रजांच्या काळी लष्करी .३०३चे काडतूस नागरिकांच्या हाती जाऊ नये असे सरकारला वाटे, आणि .३०३ आजही प्रतिबंधित बोअरमध्येच मोडते. म्हणून तीच घडण घेऊन वेगळ्या काडतुसाची रायफल नागरिकांसाठी काढली गेली. ते काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या जुन्या मान्लिखर रायफलचे, आठ मिलिमीटरचे. गोळी २४४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप). आपल्या पॉइंट टू-टूची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे ही सहापट जड. लाथ बसणारच. आपल्याजवळची काडतुसे पालथी करून पाहा, बुडावर के.एफ. असे कोरलेले असेल. तो आपला खडकीचा कारखाना.

आता आपल्या तक्रारी. चाप आधी रिकामा सरकतो, हा दोष नाही. लष्करी चाप दोन टप्प्यांचाच असतो. पहिला टप्पा नेम धरतानाच घेऊन टाकायचा आणि दुसऱ्यावर थांबायचे. पॉइंट टू-टूच्या सवयीने आपण दोन्ही टप्पे एका दमात ओढत असणार, म्हणून सुटण्याचा अंदाज येत नाही. दुसरे, बोल्ट पुढे लोटताना शेवटच्या इंचभरात स्प्रिंग जोर लावते हे आपल्याला जाणवले असेल. बहुतेक रायफलींत बोल्टचा दांडा उचलताना स्प्रिंग ताणली जाते, हिच्यात बोल्ट पुढे बंद करताना. ज्यांना माहीत नसते त्यांना वाटते बोल्ट अडकतो आहे, आणि ते हळू ढकलतात. हळू ढकलले की ती आणखी अडते. तिला तळहाताने, न घाबरता, एका झटक्यात बंद करायचे असते. याच घडणीमुळे जुन्या पलटणींतील जवान मिनिटाला पंधरा नेमके बार काढू शकत.

तिसरी गोष्ट आपण लिहिली नाही, पण घडली असणार. काडतूस पुढे न सरकता मॅगझिनमध्येच (काडतुसे भरायच्या पेटीतच) फसले असेल.

कादवाकाठ (धागाकर्ता) · १९ जून

घडले आहे, दोनदा. आपल्याला कसे कळले?

तोफची निवृत्त · २० जून

कारण या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे राहिली पाहिजे. मागे राहिली तर वरचे काडतूस पुढे निघताना खालच्याला ओढू पाहते आणि दोन्ही गच्च बसतात. प्रत्येक काडतूस दाबताना किंचित मागे ओढून सोडायचे म्हणजे पुढचे त्याच्या कडेपुढे आपोआप बसते. आम्हाला हे डोळे बांधून करायला लावत.

आणखी एक. कोतमध्ये (पलटणीच्या शस्त्रागारात) जी रायफल हाती येईल ती आपली. आवडनिवड विचारायला तिथे कोणी बसलेले नसते. माझ्या पहिल्या एस.एल.आर.चा, म्हणजे तेव्हाच्या लष्करी रायफलीचा, बट नंबर (दस्त्यावरचा क्रमांक) मला अजून पाठ आहे आणि ती मला मुळीच आवडत नसे. तिचा कॅरिंग हँडल सैल होता आणि धावताना खुळखुळ वाजायचा. रात्रीच्या गस्तीत मी त्याला चिंधी गुंडाळून ठेवत असे. तरीही परत करताना कोत एन.सी.ओ.च्या हातून ती काढून घेऊन पुन्हा एकदा पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) मारली. यात प्रेम नव्हते. दुसऱ्याच्या हाती घाण रायफल जाऊ नये, एवढेच. साहेबांना जे ‘सूत’ हवे आहे, ते स्वतःच्या पैशाने स्वतः निवडलेल्या वस्तूचे आहे; आणि ही रायफल आपण निवडलेली नाही, आपल्याला नेमून दिलेली आहे.

दहा मीटर · २१ जून

तोफचीकाकांचा प्रतिसाद वाचून कान पकडले. मी दहा मीटर एअर रायफल शिकवते, त्यामुळे मोठ्या बोअरविषयी अधिकाराने बोलू शकत नाही, पण न जुळलेल्या रायफलीविषयी बोलू शकते.

माझी पहिली स्पर्धेची रायफल लाकडी दस्त्याची होती, बाजूचा दांडा ओढून हवा भरायची. तिच्यावर मी सात वर्षे काढली. मग सगळे जण दाबलेल्या हवेच्या सिलिंडरच्या रायफलीकडे वळले तशी मीही वळले. जर्मन बनावटीची, अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची, गालपट्टीपासून बटपर्यंत (दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकापर्यंत) सगळे मिलिमीटरने सरकवता येणारी, आणि वापरलेली असूनही माझ्या ऐपतीपलीकडची. एका फेरीत माझे गुण पहिल्याच महिन्यात सहाने वाढले. आमच्या लक्ष्यातील दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे सहा गुण म्हणजे फार झाले. पण डिसेंबरमध्ये सकाळी सहाला रेंजवर ती बॅगेतून काढून गालाला लावली की दातापर्यंत गारठा जायचा, आणि तो गारठा उन्हाळ्यातही माझ्या डोक्यातून गेला नाही. नऊ वर्षे मी तिच्यावर खेळले. सिलिंडरची दहा वर्षांची मुदत संपत आली तेव्हा नवा सिलिंडर घ्यायचा की रायफलच द्यायची, यावर मी एक मिनिटही विचार केला नाही. लाकडी रायफल मात्र अजून घरी आहे. नियमात आता ती कुठेच बसत नाही असे नाही, पण तिच्यावर कोणी जिंकणार नाही.

तेव्हा गुण आणि जीव या दोन वेगळ्या नोंदी आहेत, हे मी मान्य करते. तरीही कादवाकाठदादा, एक तपासणी केल्याशिवाय मी तुमचे म्हणणे पूर्ण ऐकणार नाही. ‘गाल कुठे टेकवावा हे कळत नाही’ हे वाक्य आमच्याकडे नवीन आलेली मुले बोलतात, आणि दहापैकी आठ वेळा दस्ता त्यांच्या मापाचा नसतो. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. कोपर काटकोनात वाकवून बट कोपराच्या आतल्या खोबणीत टेकवा आणि बोट चापाकडे न्या. बोटाचे पहिले पेर चापावर आरामात पोहोचते का? आणि बटपासून चापापर्यंत टेपने मोजून इथे लिहा. तुमची उंचीही लिहा.

कादवाकाठ (धागाकर्ता) · २२ जून

ताई, साडेचौदा इंच. माझी उंची पाच फूट चार इंच. बोटाचे टोकच कसेबसे चापाला लागते.

वीस वर्षांत हे मोजण्याचे मला सुचले नाही, याची लाज वाटते आहे. पॉइंट टू-टूचा दस्ता मी स्वतः सुताराकडून बसवून घेतला होता.

दहा मीटर · २२ जून

तुम्हाला तेरा पुरेत. दीड इंच म्हणजे पुष्कळ झाले. दस्ता लांब असला की माणूस मान पुढे ताणतो, बट खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर बसतो आणि लाथ नको तिथे लागते. कारखान्यातून इतकी लांब येत असेल असे वाटत नाही. मागे रबर आहे का?

तोफची निवृत्त · २२ जून

ताईंचे बरोबर आहे. लष्करी ली-एन्फिल्डचे बटसुद्धा लांब, मध्यम, आखूड आणि त्याहून आखूड अशा मापांत मिळत, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने, आणि त्यावर तसे अक्षर ठोकलेले असे. जवानाला बूट जसे मापाचे तसे बट. साहेब, रबर काढून पाहा.

कादवाकाठ (धागाकर्ता) · २९ जून

आज काढले. घडले ते क्रमाने लिहितो.

मागे एक इंच जाडीचे तांबडे रबर होते, वयाने कडक झालेले, कडेला भेगा. ते दोन स्क्रूंवर बसलेले होते आणि स्क्रूंच्या डोक्यांवरचा मळ इतका जुना होता की मी ते कधीच उघडले नव्हते हे उघड होते. खालचा स्क्रू सहज निघाला, वरच्याला रात्रभर तेल द्यावे लागले. रबर सुटल्यावर आत थेट दस्ता दिसेल असे वाटले होते. दस्त्याच्या आधी, त्याच्याच आकाराची कापलेली, कडा कानशीने गोल केलेली अर्ध्या इंचाची एक फळी होती. पॉलिश बाहेरून दस्त्यासारखेच लावलेले असल्याने ती वेगळी आहे हे आजवर लक्षात आले नाही. फळी उलटी केली. आतल्या बाजूला पॉलिश नव्हते आणि निळ्या शाईत छाप्याची अर्धी अक्षरे होती : ‘थॉम’. थॉमसन सीडलेस, द्राक्षाची जात. तेव्हा द्राक्षे लाकडी पेट्यांतून जात असत आणि आमच्या खळ्यात अशा फळ्यांची चळत लागलेली असे.

बाबा सहा फूट होते. कारखान्याचे माप त्यांना आखूड पडत असणार आणि अंगठा नाकावर येत असणार. त्यांनी द्राक्षाच्या पेटीची फळी कापली, रबर बसवले, म्हणजे ती आपल्या मापाची करण्याची खटपट केली. मी लहानपणापासून धरून चाललो होतो की ही रायफल बाबांची लाडकी आहे आणि ती मला स्वीकारत नाही. खंडेनवमीला पाटावर शस्त्रे मांडताना बाबा दोननळीला झेंडूचा हार घालत, आणि रायफलला हळदकुंकवाचे एक बोट. त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता.

मग मी परवान्याच्या जुन्या पुस्तिका काढल्या. बाबांच्या नावावर तेवीस वर्षांत ५० काडतुसांची खरेदी आहे, सगळी पहिल्या वर्षातली. २००५ साली माझ्याकडे ४१ आली. म्हणजे त्यांनी नऊ झाडली. मी तर त्यांच्या चौपटीहून अधिक झाडली आहेत.

शंकेखोर · २९ जून

पहारीचे उदाहरण मागे घेतो.

नाशिकरोडवासी · ३० जून

वडिलांनी हाताने केलेली वस्तू आहे, आता तरी देण्याचा विचार सोडा. वडिलांची आठवण पैशात मोजता येत नाही.

कादवाकाठ (धागाकर्ता) · ३० जून

आपल्या भावनेचा आदर आहे, पण माझे नेमके उलटे झाले. बाबांची ती आवडती असती तर मी ठेवली असती, या समजुतीवरच इतकी वर्षे ठेवली. आता दिसते आहे की त्यांनाही ती जुळली नव्हती आणि त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते. बाबांच्या आठवणीसाठी मला त्यांचा टोमॅटोच्या रोपांचा चिमटा पुरतो, जो ते रोज वापरत.

फळी आणि रबर काढल्यावर माप तेरा इंच आले. ताईंच्या आणि तोफचीकाकांच्या सांगण्याप्रमाणे रिकाम्या रायफलवर, सरावाचे बिनदारूचे काडतूस घालून, आता रोज वीस मिनिटे सराव करणार आहे. पुढच्या महिन्याअखेर लिहीन.

कादवाकाठ (धागाकर्ता) · ३ ऑगस्ट

मैदानावर जाऊन आलो. दहा काडतुसे. पहिला टप्पा नेम धरताना घेतला, बोल्ट तळहाताने झटक्यात बंद केला, काडतुसे कडा सांभाळून भरली. एकही फसले नाही. पन्नास मीटरवर दहाच्या दहा तळहाताएवढ्या जागेत, जे माझ्या आधीच्या ३८ पैकी कोणत्याही दहांना जमलेले नव्हते. लाथ बसली, पण जिथे बसायला हवी तिथे बसली. दुसऱ्या दिवशी दंड काळानिळा नव्हता.

घरी आल्यावर नळीतून गरम पाणी सोडले, कारण जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला मागे खार सोडतो आणि तो खार हवेतले पाणी ओढून नळी खातो. नुसत्या तेलाने तो जात नाही. मग कोरडी चिंधी, मग तेल. हे सगळे करताना मी वाट पाहत होतो. पॉइंट टू-टू पुसताना जे व्हायचे ते होईल असे वाटत होते. झाले नाही. रायफल चांगली आहे, हे आता मी शपथेवर सांगेन. माझी नाही.

दहा मीटर · ३ ऑगस्ट

हे ऐकून मला बरे वाटले असे लिहिले तर चालेल का? मापाचा दोष निघाल्यावर उरते ते खरे. माझ्या अॅल्युमिनियमवालीत मापाचा दोष नव्हताच.

पिंपळस · ४ ऑगस्ट

मग द्या. कागद सांगतो. आपला परवाना शहर आयुक्तालयाकडचा की जिल्हाधिकाऱ्यांकडचा, ते पाहून लेखी कळवा की अमुक क्रमांकाची रायफल अमुक परवानाधारकाला देण्याचा विचार आहे. कळवल्यापासून पंचेचाळीस दिवस जाऊ द्यावे लागतात, त्याआधी हस्तांतर करायचे नाही. घेणाऱ्याच्या परवान्यावर या बोअरच्या खरेदीची मान्यता आणि मुदत, दोन्ही स्वतः डोळ्यांनी पाहा. पोहोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. माझ्या मेहुण्यांचा अर्ज एकदा तीन महिने कोणाच्या तरी टेबलावर फायलीखाली होता.

शंकेखोर · ४ ऑगस्ट

मुलीसाठी ठेवणार नाही का? नियमानुसार सत्तरी गाठली किंवा शस्त्र पंचवीस वर्षे जवळ राहिले की वारसाच्या नावे देता येते, असे वाचले आहे.

कादवाकाठ (धागाकर्ता) · ४ ऑगस्ट

बरोबर वाचले आहे. २०१६च्या नियमांत तशी तरतूद आहे. मुलीला विचारले. तिला दोननळी हवी आहे. रायफलविषयी ती म्हणाली, ‘बाबा, तुम्हालाच नको आहे ती मला का देता?’ तिसऱ्या पिढीने पहिल्याच वाक्यात सांगून टाकले.

कादवाकाठ (धागाकर्ता) · ९ नोव्हेंबर

धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व, पण शेवट कळवणे भाग आहे.

ऑगस्टमध्येच लेखी कळवले होते. सिन्नर बाजूच्या एका परवानाधारकाचे नाव एका मित्राकडून कळले. ते जुन्या ईशापुरी रायफलींची हौस असलेले गृहस्थ. त्यांच्याकडे एकच शस्त्र होते आणि दुसऱ्यासाठी मान्यता मिळालेली होती. पंचेचाळीस दिवस संपेपर्यंत मध्ये दसरा येऊन गेला. खंडेनवमीला मी तिला पाटावर दोननळीच्या शेजारी मांडले आणि हार तिलाही घातला. मुलीने पाहिले, काही बोलली नाही.

काल ते गृहस्थ परवाना घेऊन आले. दारातून वाकून आत आले. सहा फूट दोन इंच. मी रायफल रिकामी असल्याचे दाखवून त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती खांद्याला लावली, मान मागे घेतली, पुन्हा लावली आणि म्हणाले, ‘घडण उत्तम आहे हो, पण दस्ता आखूड पडतो.’

मी कपाटातून फळी, रबर आणि कागदात गुंडाळलेले दोन स्क्रू आणून दिले. त्यांनी फळी उलटी करून ‘थॉम’ वाचले आणि विचारले, हे काय? मी सांगितले. ते म्हणाले, रबर नवीन घालतो, फळी हीच ठेवतो, माप बरोबर आहे.

तोफचीकाका, वरचा स्क्रू तिरका बसतो आणि आटा किंचित गेलेला आहे, हे त्यांना सांगायचे राहिले. आज फोन करतो.

तोफची निवृत्त · ९ नोव्हेंबर

काडेपेटीतल्या काडीचा तुकडा भोकात घालून मग पिळायला सांगा. पक्का बसेल.